पायाखालचा करंट

ॲल्युमिनियम वितळण्याआधी कसलीच सूचना देत नाही. लोखंड तापलं की आधी काळपट लाल, मग नारिंगी, मग पिवळं होत जातं आणि धातू आता पातळ होणार हे वेल्डरला आधीच कळतं. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, पण तोवर त्याचा पांढुरका रंग तसाच राहतो. शिवाय उष्णता वाहून नेण्यात ते साध्या लोखंडाच्या चार-साडेचार पट पुढे असतं. त्यामुळे थंड पत्र्यावर वितळलेल्या धातूचं पहिलं डबकं उमटायला भरपूर करंट लागतो आणि दोन-तीन इंच पुढे गेल्यावर सगळा पत्राच तापलेला असल्याने तोच करंट जास्त होऊ लागतो. कडेपाशी पोचताना तो उतरवला नाही तर कड गळून खाली पडते.

टिग वेल्डिंगमध्ये वेल्डरच्या एका हातात टॉर्च असतो आणि दुसऱ्या हातात फिलर रॉड. चेहऱ्यावर काच. पॅनेलवरचा नॉब फिरवायला कुणी मोकळं नसतं. उरतो तो पाय, आणि म्हणून करंटची सूत्रं पेडलमार्फत पायाकडे दिलेली असतात. शिलाई मशीनवर बसलेला शिंपी वळणावर पाय सैल सोडतो, तसा मुरलेला वेल्डर कोपऱ्यावर, कडेवर आणि शेवटच्या थेंबावर करंट सैल सोडतो. हे त्याला विचार करून करावं लागत नाही. डोळ्यांना डबकं रुंदावताना दिसतं आणि टाच आपोआप वर येते.

ही पद्धत विमानांच्या कारखान्यात जन्मली. 1941 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनचा इलेक्ट्रोड आणि त्याभोवती हेलियम वायू वापरून मॅग्नेशियमचे भाग जोडण्याची रीत बसवली. तिचं पेटंट 1942 मध्ये मिळालं आणि तिला ‘हेलीआर्क’ हे नाव पडलं. पुढे हेलियमची जागा बहुतेक ठिकाणी आर्गॉनने घेतली. टंगस्टन सुमारे 3400 अंशांपर्यंत वितळत नाही, त्यामुळे आर्क नुसती उष्णता देतो आणि भर घालायचा धातू वेगळ्या कांडीतून येतो. साध्या रॉडच्या वेल्डिंगमध्ये या दोन गोष्टी एकाच कांडीत बांधलेल्या असतात. टिगमध्ये त्या सुट्या झाल्या, आणि माझ्या मते या पद्धतीची सगळी श्रीमंती त्यातच आहे. पेडल काढून ठेवणाऱ्या वेल्डरने त्यातली निम्मी स्वतःहून सोडलेली असते.

आपल्याकडे औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांमध्ये या कामाला ‘आर्गॉन वेल्डिंग’ म्हणतात. दुधाच्या टाक्या, हॉटेलांची किचन टेबलं, जिन्याचे रेलिंग, कास्टिंगची दुरुस्ती, असं सगळं काम त्यावर होतं. अशा कित्येक गाळ्यांत मशीनसोबत आलेलं पेडल कोपऱ्यात, धुळीखाली, केबल गुंडाळलेल्या अवस्थेत सापडतं. “ते बंद पडलंय, आम्ही टॉर्चच्या बटणावरच करतो,” असं सांगितलं जातं. पाइपच्या जोडाखाली आडवं होऊन किंवा शिडीवर उभं राहून वेल्ड करणाऱ्याला पेडलचा उपयोग नाही, त्याला बटणच बरं. पण टेबलावर बसून पातळ स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियम करणाऱ्याचं पेडल बंद पडून राहणं मला खटकतं. कारण ते उघडलं की आत दुरुस्त होण्याजोगं काहीतरी साधंच निघतं.

तळाचे चार स्क्रू काढले की आत दोनच वस्तू दिसतात: एक मायक्रोस्विच आणि एक पॉट, म्हणजे पोटेन्शिओमीटर. बाकी सगळी स्प्रिंग, दातेरी पट्टी, तिच्यावर फिरणारं लहान चाक आणि ग्राइंडिंगची काळी धूळ. स्विचचं काम फक्त सांगण्याचं: पाय पडला. त्यासरशी मशीन आर्गॉनचा व्हॉल्व्ह उघडतं, आर्क पेटवणारी हाय फ्रीक्वेन्सी ठिणगी सोडतं आणि टॉर्चला करंट देतं. करंट किती, हे पॉट सांगतो. स्विचला दोन वायरी आणि पॉटला तीन, अशा पाच वायरी केबलमधून मशीनकडे जातात. काही ठिकाणी सहावी वायर शील्डची किंवा अर्थिंगची असते.

पॉटच्या तीन वायरी नीट समजल्या तर पुढचं सगळं सोपं जातं. पॉटच्या आत घोड्याच्या नालाच्या आकाराची काळी कार्बनची पट्टी असते. तिच्या दोन टोकांना दोन वायरी. तिसरी वायर पट्टीवरून सरकणाऱ्या स्पर्शकाची, म्हणजे वायपरची. मशीन एका टोकाला ठरावीक व्होल्टेज देतं, दुसरं टोक शून्यावर ठेवतं. मिलर कंपनीच्या 14 पिनांच्या सॉकेटवर हे व्होल्टेज 10 व्होल्ट डीसी असतं. पेडल वर असताना वायपर शून्याच्या टोकाशी, पूर्ण दाबलं की 10 व्होल्टच्या टोकाशी, आणि अर्ध्यावर असला की 5 व्होल्ट. वायपरवरचं हे व्होल्टेज मशीन वाचतं आणि त्या प्रमाणात करंट सोडतं. पॅनेलवर 120 अँपिअर लावलेले असतील आणि वायपरवर 5 व्होल्ट येत असतील, तर आर्कमधून साधारण 60 अँपिअर जातात. म्हणजे टॉर्चमधून वाहणारे शंभर-सव्वाशे अँपिअर पेडलपर्यंत येतच नाहीत. पेडलमध्ये एक किलो-ओहमचा पॉट असेल तर त्यातून फक्त 10 मिलिअँपिअर वाहतात, दहा किलो-ओहमचा असेल तर अवघा 1 मिलिअँपिअर.

बिघाड शोधताना सगळ्यात आधी पेडलचा प्लग मशीनमधून काढायचा आणि मशीनची मेन स्विचवरून वीज तोडायची. अडकलेला मायक्रोस्विच म्हणजे टॉर्चच्या टोकावर कायम असलेलं व्होल्टेज, आणि जोडीला काही हजार व्होल्टची हाय फ्रीक्वेन्सी. मशीनचं झाकण मात्र उघडू नये. 230 व्होल्टवर चालणाऱ्या इन्व्हर्टरच्या आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या घरात डीसी साठलेली असते आणि वीज तोडल्यावरही ती लगेच जात नाही. पेडलच्या दुरुस्तीसाठी आत हात घालायची गरजही नसते.

पहिला संशय केबलवर घ्यावा. पेडलच्या पोटातून केबल जिथे बाहेर येते आणि प्लगमध्ये जिथे शिरते, त्या दोन ठिकाणी ती रोज वाकते. तिथे आतल्या तांब्याच्या तारा तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत राहतं. संशयित वायर दोन बोटांत धरून हळूच ताणली तर तुटलेल्या जागी आवरण रबरासारखं लांबतं, कारण आत ओढ धरायला तांबंच उरलेलं नसतं. तेवढा भाग कापून टाकून, केबल चार इंच आत ओढून पुन्हा सोल्डर केली की काम झालं. केबल पकडून ठेवणारा क्लॅम्प त्याच वेळी घट्ट बसवावा. तो सैल होता म्हणूनच सोल्डरवर ताण आलेला असतो.

दुसरा संशय पॉटवर. पेडलवरचा पाय बहुतेक वेळ ठरावीक पट्ट्यातच खेळतो, त्यामुळे कार्बनची पट्टी त्या जागी घासून चकचकीत होते आणि वायपर तिथे क्षणभर हवेत राहतो. वेल्डरला हे आर्क अचानक विझण्यात किंवा करंट उडी मारण्यात जाणवतं. डिजिटल मल्टिमीटरला एवढ्या छोट्या खंडाचा पत्ता बऱ्याचदा लागत नाही, त्याचा आकडा सावकाश बदलतो. जुना काट्याचा मीटर इथे फार कामाचा. पेडल हळूहळू दाबत नेलं की काटा एकसारखा सरकायला हवा, आणि झिजलेल्या जागी तो झटका खातो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून पॉट तात्पुरता चालू होतो, पण झिजलेला कार्बन फवाऱ्याने परत येत नाही. नवा पॉट बसवावा, आणि मिळाला तर कंडक्टिव्ह प्लॅस्टिकचा बसवावा. साध्या कार्बन पॉटचं आयुष्य काही हजार फेऱ्यांत मोजतात, कंडक्टिव्ह प्लॅस्टिकचं लाखांत. दिवसभरात शेकडो वेळा दाबल्या जाणाऱ्या पेडलमध्ये किमतीतला फरक लवकर वसूल होतो.

नवा पॉट आणताना जुन्याच्या पाठीवर काय छापलंय ते बघायचं. 102 म्हणजे एक किलो-ओहम, 103 म्हणजे दहा, 473 म्हणजे सत्तेचाळीस. त्याआधीचं बी हे अक्षर आपल्याकडे मिळणाऱ्या मालावर लिनिअर पॉट दाखवतं, आणि आपल्याला तोच हवा. ए लिहिलेला पॉट आवाज कमी-जास्त करण्यासाठी बनवलेला असतो. तो लावला तर पेडलच्या निम्म्या प्रवासापर्यंत करंट जेमतेम वाढतो आणि उरलेल्या निम्म्यात धावत सुटतो.

खरी गडबड होते ती एका मशीनचं पेडल दुसऱ्या मशीनला लावताना. मिलरच्या पेडलमध्ये एक किलो-ओहमचा पॉट, लिंकन कंपनीच्या पेडलमध्ये दहाचा, आणि बाजारातल्या चिनी बनावटीच्या इन्व्हर्टर मशीनना कुठे दहा, कुठे सत्तेचाळीस. प्लगच्या पिना जुळल्या किंवा जुळवल्या तरी मशीनची अपेक्षा वेगळी असू शकते. कित्येक मशीनमध्ये पॉटच्या वर आणि खाली आणखी रोधक जोडलेले असतात आणि त्यांचा रोध पॉटच्या रोधानुसार ठरवलेला असतो. सत्तेचाळीसची अपेक्षा असलेल्या मशीनला एकचा पॉट दिला तर व्होल्टेजचा मोठा वाटा त्या आतल्या रोधकांवरच खर्च होतो, आणि पेडल तळाला टेकवलं तरी करंट अर्ध्यावरही पोचत नाही. दहाच्या जागी सत्तेचाळीसचा पॉट हाताशी असेल तर त्याच्या दोन टोकांमध्ये बारा किलो-ओहमचा रोधक जोडावा. टोकाटोकाला साधारण साडेनऊ किलो-ओहम मिळतात आणि बहुतेक मशीन तेवढ्यावर नीट चालतात. उलट दिशेने, म्हणजे लहान पॉटचा मोठा, हे असं बाहेरून करता येत नाही. तिथे पॉटच बदलावा.

आता वायरींची ओळख. रंगांवर विश्वास ठेवू नका. पेडलच्या वायरींना रंगांचा सर्वमान्य नियम नाही. एका पेडलमध्ये लाल वायर स्विचची, दुसऱ्यात पॉटच्या वरच्या टोकाची. ओळख मीटरनेच पटवायची. पाच पिनांच्या दहा जोड्या होतात, आणि त्या सगळ्या तपासायला पाच मिनिटं पुरतात.

समजा आपल्या हातात अनोळखी पेडल आहे. मीटर बीपवर ठेवून एकेक जोडी धरायची आणि पेडल किंचित दाबायचं. पिन 1 आणि 2 वर दाबताक्षणी बीप आली, सोडल्यावर थांबली: तो स्विच. उरल्या तीन. मीटर ओहमवर घ्यायचा. 3 आणि 4 मध्ये 9.8 किलो-ओहम दिसतात आणि पेडल कितीही हलवलं तरी आकडा ढळत नाही, म्हणजे ही पॉटची दोन टोकं. अर्थात 5 ही वायपरची. पेडल मोकळं असताना 4 आणि 5 मध्ये जवळजवळ शून्य येतं, तर 4 हे शून्याचं टोक आणि 3 हे वरच्या व्होल्टेजचं. पेडल तळापर्यंत दाबल्यावर 4 आणि 5 मधला रोध साडेनऊ किलो-ओहमच्या पुढे जातो. हे आकडे कागदावर लिहून ठेवायचे.

मशीनच्या बाजूची माहिती मात्र त्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावी. मिलरच्या 14 पिनांच्या सॉकेटमध्ये ए आणि बी या स्विचच्या पिना, त्यांवर 24 व्होल्ट एसी. सी वर 10 व्होल्ट, डी वर शून्य, ई वर वायपर, के ही मशीनच्या बॉडीची. लिंकनच्या सहा पिनांच्या आकृतीत पॉटच्या टोकांना 75 आणि 77, वायपरला 76 आणि स्विचला 2 व 4 असे क्रमांक असतात. मिलरच्याच सॉकेटमध्ये आय या पिनेवर 115 व्होल्ट एसी येते, म्हणून तिथे नुसत्या अंदाजाने वायर खोचणं धोक्याचं आहे. स्विचचे 24 व्होल्ट एसी पॉटच्या पिनेत गेले तर कंट्रोल बोर्ड जळू शकतो. पेडलची किंमत आणि कंट्रोल बोर्डाची किंमत यांत फार मोठं अंतर आहे, म्हणून स्विचची जोडी आणि पॉटची तिकडी एकमेकींना कुठेही शिवत नाहीत हे प्लग लावण्याआधी मीटरने पुन्हा एकदा बघावंच.

सोल्डर करताना अनुभवी माणूसही फसतो ती जागा म्हणजे प्लगची आरसा-बाजू. समोरून पाहिलं तर पिना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजल्या जातात, आणि मागून, सोल्डर करायच्या बाजूने, तोच क्रम उलटा दिसतो. पुस्तिकेतली आकृती कुठल्या बाजूने काढली आहे ते आधी ठरवायचं. प्लगच्या काळ्या प्लॅस्टिकवर प्रत्येक पिनेजवळ बारीक अक्षर किंवा आकडा कोरलेला असतो. बॅटरीच्या उजेडात तो वाचला की आकृतीवर विसंबावं लागत नाही.

जोडणी चुकली तर पेडल कसं वागतं, त्यावरून चूक ओळखता येते. दाबल्यावर करंट कमी आणि सोडल्यावर जास्त होत असेल तर पॉटच्या टोकांच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या आहेत. करंट कायम पूर्णच येत असेल तर वायपर आणि वरचं टोक यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी. त्या स्थितीत वरचं व्होल्टेज थेट वायपरला जातं, आणि पेडल सोडलं की वायपर शून्याच्या टोकावर येऊन ते व्होल्टेज शॉर्ट होतं. असं वागणारं पेडल पुन्हा पुन्हा दाबून बघू नये, लगेच काढून घ्यावं. काही मशीनमध्ये दोन पिना जम्परने जोडलेल्या असल्या तरच पेडल लावल्याचं मशीनला कळतं. जम्पर विसरला की सगळं बरोबर असूनही मशीन पॅनेलवरच चालत राहतं.

केबल नवी घ्यायची तर शील्ड असलेली, लवचीक, पाच कोरची घ्यावी. अर्ध्या चौरस मिलिमीटरची जाडी पुरते. शील्ड फक्त मशीनच्या बाजूला बॉडीला जोडावी. ही शील्ड हाय फ्रीक्वेन्सी अडवण्यासाठी हवी. आर्क पेटवणारी ठिणगी आजूबाजूच्या प्रत्येक वायरीत व्होल्टेज उठवते, आणि वायपरच्या दोन-चार व्होल्टच्या सिग्नलमध्ये ती घुसली तर करंट थरथरतो. त्याच कारणाने पेडलची केबल टॉर्चच्या केबलला बांधू नये. नीटनेटकं दिसावं म्हणून बऱ्याच गाळ्यांत दोन्ही केबल एकत्र टेपने गुंडाळलेल्या दिसतात. त्या आधी सोडवाव्यात. कित्येकदा तेवढ्यानेच थरथर थांबते.

पॉट बसवताना दात्यांची जुळणी सावकाश करावी. पॉट साधारण 270 ते 300 अंश फिरतो आणि दोन्ही टोकांना त्याला अडसर असतो. पेडल पूर्ण मोकळं ठेवून पॉट शून्याच्या अडसरापर्यंत फिरवायचा, केसभर मागे घ्यायचा आणि मग चाक पट्टीच्या दात्यांत बसवून ग्रब स्क्रू आवळायचा. पेडल तळाला टेकलं तरी वरच्या अडसराशी थोडी जागा उरली पाहिजे. नाहीतर पायाचा सगळा भार त्या इवल्याशा अडसरावर येतो आणि नवा पॉट आठवड्यात मोडतो. मायक्रोस्विचची टिक मात्र वायपर हलण्याआधी ऐकू आली पाहिजे. ती उशिरा आली तर आर्क पेटतानाच करंट वर गेलेला असतो आणि पातळ पत्र्याला पहिल्याच क्षणी भोक पडतं. स्विचच्या तीन पायांपैकी कॉमन आणि नॉर्मली ओपन हेच दोन वापरायचे.

एवढं करूनही पेडल सुस्त वाटलं, तर पॅनेलकडे बघावं. पेडल वापरताना मशीन 2टी वर, म्हणजे दाबलं की सुरू आणि सोडलं की बंद या पद्धतीवर हवं आणि अपस्लोप व डाउनस्लोप शून्यावर. डाउनस्लोप पाच सेकंदांवर राहिला असेल तर पाय उचलल्यावरही मशीन आपल्या सवडीने करंट उतरवतं. काही मशीनमध्ये पॅनेलवर लावलेला आकडा ही पेडलची कमाल मर्यादा असते, तर काहींमध्ये पेडल मशीनच्या पूर्ण क्षमतेपर्यंत जातं आणि मर्यादा पेडलवरच्या छोट्या नॉबने ठरते. आपलं मशीन कुठल्या जातीचं आहे ते टाकाऊ पत्र्यावर बघून घ्यावं.

शेवटची चाचणी मी ॲल्युमिनियमवरच घ्यायला सांगेन. तीन मिलिमीटरच्या तुकड्यावर तीन-चार इंचांचं वेल्ड घालायचं आणि शेवटी पाय झटक्यात उचलायचा. टोकाला खोलगट खड्डा राहतो आणि नीट पाहिलं तर बऱ्याचदा त्याच्या मधोमध चांदणीसारखी बारीक चीर दिसते. वितळलेला धातू कडेकडून आत आकसत थिजतो आणि शेवटच्या बिंदूला ओढायला धातूच उरत नाही, म्हणून ती पडते. नंतर जोड तुटायला सुरुवात होते ती बहुधा याच जागेतून. मग शेजारी दुसरं वेल्ड घालून टाच दोन-तीन सेकंदांत हळूहळू उचलायची, उतरत्या करंटवर फिलरचा एक थेंब द्यायचा, आणि आर्क विझल्यावरही आर्गॉन थांबेपर्यंत टॉर्च तिथेच धरायचा. खड्डा भरून आला, वर चीर नाही, टंगस्टनचं टोक काळंनिळं न पडता चकचकीत राहिलं, तर स्विच, पॉट आणि गॅस तिन्ही जागेवर आहेत. पेडल बंद करण्याआधी पिनांचा तो कागद, पॉटचा रोध आणि तारीख लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तळाच्या झाकणाच्या आत चिकटवून टाकावा.